तानसाच्या रस्त्याला सायकल ट्रॅक नको, वेगमर्यादा हवी

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. उपवनसंरक्षक (वन्यजीव), ठाणे
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई

विषय : आटगाव ते तानसा तलाव हा रस्ता आणि त्यावरची शांतता

महोदय,

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात असलेल्या तानसा अभयारण्यातल्या रस्त्यांवर सायकल ट्रॅक बांधू नका, अशी विनंती मी करते आहे आणि मी स्वतः सायकल चालवते. मुलुंडला राहते, शाळेत शिकवते, सुट्टीच्या दिवशी पहाटेची कसारा लोकल धरून आटगावला उतरते आणि तिथून तलावाच्या दिशेने निघते. मुंबई-ठाण्यातून असे येणारे आता बरेच झालेत. हिवाळा लागला की आमच्या ग्रुपवर कुणी ना कुणी लिहितंच, "इथे एक मस्त ट्रॅक व्हायला पाहिजे." लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण अशा मागण्या पुढे सरकतात, लोकप्रतिनिधींच्या कानावर जातात, आराखडे होतात आणि मग एक दिवस जेसीबी येऊन उभा राहतो. तो दिवस उजाडण्याआधी आमच्यापैकीच कुणीतरी लिहून ठेवायला हवं, की आम्हाला तिथे नवीन काही बांधून नको आहे. म्हणून हे पत्र.

आधी रस्ता कसा आहे ते सांगते. आटगाव स्टेशन सोडलं आणि मुंबई-नाशिक महामार्ग जीव मुठीत धरून ओलांडला, की पाचेक मिनिटांत कंटेनरचा आवाज मागे पडतो. पुढचे बारा-तेरा किलोमीटर साग, ऐन, खैर, कळंब, मध्येच बांबूची बेटं. रस्ता अरुंद आहे. समोरून एसटी आली तर सायकल खाली मातीत घ्यावी लागते. चढ-उतार आहेत, पण दम काढणारे नाहीत. डिसेंबर-जानेवारीत सागाची पानं गळायला लागली की एखादं पान डांबरावर आपटल्याचाही आवाज येतो. फेब्रुवारीत पळस फुलतो. मार्च सरता सरता मोह गळायला लागतो. मोहाच्या झाडाखालची जमीन त्या दिवसांत झाडून लख्ख केलेली असते, म्हणजे पडलेलं फूल पाचोळ्यात हरवत नाही. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन येतात आणि ती पिवळट, गरदार फुलं एकेक करून वेचतात. वास असा गोड आणि दाट, की सायकलवर असताना तो आधी कळतो आणि झाड मागाहून दिसतं. काच वर केलेल्या गाडीत बसून आलेल्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याला फक्त तलाव दिसतो, तोही कुंपणाबाहेरून.

पावसाळ्यात या रस्त्याची आणखी एक बाजू दिसते. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की बेडूक, खेकडे, साप रस्ता ओलांडायला लागतात. पाड्यांवरची पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन खेकडे पकडायला बाहेर पडतात. सकाळी आम्ही जातो तेव्हा, आदल्या रात्री गाड्या किती आल्या होत्या ते डांबराकडे बघून कळतं. चेपलेले बेडूक ओळीने पडलेले असतात. मी एकदा थांबून एका सापाकडे बराच वेळ बघत राहिले होते. बिनविषारी दिवड, जेमतेम हातभर, मधोमध चाकाची खूण. सायकलच्या वेगात साप दिसतो, थांबता येतं, तो निघून जातो. साठच्या वेगात तो दिसतही नाही.

आता आपल्या महापालिकेचा या जंगलाशी संबंध किती जुना आहे, हे मी आयुक्तांना सांगायला नको. तरी वाचणाऱ्यांसाठी लिहिते. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. साष्टीतल्या या दोन तलावांनी शहराची तहान भागेना, म्हणून मुंबई पाण्यासाठी सुमारे शंभर किलोमीटर दूर गेली आणि 1892 मध्ये तानसा धरण उभं राहिलं. दगडी बांधकाम, लांबी पावणेतीन किलोमीटरच्या वर. तिथून पाणी जवळजवळ सगळी वाट उताराच्या जोरावर चालत मुंबईत येतं. पुढे 1957 मध्ये मोडक सागर झाला, मग अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. सातही तलाव भरले की 14,47,363 दशलक्ष लिटर पाणी होतं. त्यात एकट्या तानसाचं 1,45,080. जुलैमध्ये "तानसा ओसंडून वाहू लागला" अशी बातमी आली की आमच्या सोसायटीत लोक एकमेकांना ती आनंदाने पाठवतात. पण ते पाणी अडवायला, मुरवायला आणि गाळ रोखायला त्या तलावाभोवती तीनशे चौरस किलोमीटरहून जास्त जंगल उभं आहे, हे त्या आनंदात कुणाच्या ध्यानी नसतं. 1970 मध्ये ते अभयारण्य झालं. हे जंगल आणि आपलं पिण्याचं पाणी एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत. त्यातून जाणाऱ्या रस्त्याचा विचार करताना ते विसरून चालणार नाही.

सायकल ट्रॅकबद्दल मी इतकी ठाम का, याचं उत्तर पवईत आहे. पवई तलावाच्या काठाने सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायचं महापालिकेने ठरवलं. पाणी झिरपू देणारं, सच्छिद्र बांधकाम आहे, पर्यावरणाला धक्का नाही, असं सांगण्यात आलं. दगडांच्या जाळ्या पाण्याच्या कडेला भरल्या गेल्या. ज्या तलावात मगरी आहेत, त्यांना ऊन खायला आणि अंडी घालायला काठच लागतो, हे नागरिक आणि विद्यार्थी ओरडून सांगत होते. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मे 2022 मध्ये न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. बांधलेलं काढा आणि जागा होती तशी करा, असा आदेश दिला. मी त्या वेळी सायकलस्वारांच्या बाजूला होते, म्हणजे आमच्या नावाने ते काम चाललं होतं त्या बाजूला. आमच्यापैकी कितीतरी जणांना त्या ट्रॅकचं वाईट वाटत होतं, पण आमचं मत कुणी विचारलं नव्हतं. पवईला न्यायालय होतं, पाठपुरावा करणारे शिकलेसवरलेले लोक होते, रोज फोटो काढणारे वार्ताहर होते. तानसाला यातलं काय आहे? तिथे काठावर खडी पडली तर पहिल्यांदा ती दिसेल पाड्यावरच्या गुराख्याला, आणि त्याने तक्रार करायची कुठे?

कुणी म्हणेल, तुम्हा सायकलवाल्यांना ट्रॅकच नको असतील तर शहरात कशाला मागता? शहरात हवेतच. मला लालबहादूर शास्त्री (एलबीएस) मार्गावर ट्रॅक हवा आहे. मुलुंड ते घाटकोपर मी बसच्या आणि रिक्षांच्या मधून जाते, तिथे रंगवलेली पट्टी नको, दगडी कठडा घातलेली, वेगळी काढलेली वाट हवी. वांद्रे-कुर्ला संकुलातला ट्रॅक बघता बघता पार्किंगने गिळला, हे आम्ही पाहिलंय. तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून शहरभर सायकल मार्ग काढायची योजनाही आपलीच. जलवाहिनीकाठची हजारो कुटुंबं हलवून तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलला नेली गेली, त्यांच्या श्वासाचे हाल झाले. इतकी किंमत मोजून मोकळी झालेली ती जागा तरी सलग सायकलसाठी राहू द्या, ती पुन्हा गाड्यांनी भरू नये. पैसा खर्च करायची जागा ती आहे. जिथे गाड्या माणसाला चिरडतात तिथे कठडा लागतो. जिथे रस्ता आधीच शांत आहे तिथे कठडा, पेव्हर ब्लॉक, हिरवा रंग, दिव्यांचे खांब आणि सेल्फी पॉइंट आणून बसवले, तर शांतता संपते आणि गाड्या येतात. ट्रॅक झाला की पार्किंग लागतं. पार्किंग झालं की स्टॉल लागतात. स्टॉलला वीज लागते. मग रस्ता रुंद करायची मागणी होते, आणि ती मागणी करणाऱ्यांत सायकलवाला एकही नसतो.

वनखात्याच्या साहेबांना मी रानपिंगळ्याबद्दल काही शिकवायला जाणार नाही. पण आयुक्तसाहेब आणि रेल्वेचे साहेब हे पत्र वाचत असतील तर त्यांनी हे परिच्छेदभर ऐकावं. रानपिंगळा म्हणजे मुठीत मावेल न मावेल एवढं घुबड. 1873 मध्ये शास्त्रात त्याची पहिली नोंद झाली. 1884 नंतर त्याचा एकही खात्रीचा पुरावा मिळाला नाही आणि शंभरहून जास्त वर्षं तो नामशेष झाला असं समजलं गेलं. 1997 च्या नोव्हेंबरात तो सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आणि 2014 मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला. सातपुडा कुठे, शहापूर कुठे! जगातून गेला असं मानलेला पक्षी मुंबईला पाणी पाजणाऱ्या सागाच्या रानात, आपल्या लोकलच्या शेवटच्या काही स्टेशनांच्या अंतरावर, मुकाट्याने राहत होता. तो आजही जागतिक यादीत धोक्यात असलेल्या पक्ष्यांत आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे तो दिवसा वावरतो. फांदीवर बसून खाली नजर ठेवतो, सरडा-पाल दिसली की जमिनीवर झेप घेतो. म्हणजे आपण माणसं ज्या वेळेला तिथे जातो, हॉर्न वाजवतो, गाणी लावतो, तीच त्याची पोट भरायची वेळ. रात्री फाटक लावून त्याचं रक्षण होत नाही.

मला तो एकदाच नीट दिसला. पाठ राखट तपकिरी, पोट पांढरं, डोक्यावर नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठिपके नाहीत. निष्पर्ण सागावर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकत होता. मी सायकल आडवी केली नाही, हँडल धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात मागून एक गाडी आली, थांबली, काच खाली झाली, आणि आतल्या माणसाने मोबाइलवर त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा शिरलाय. घाबरून, चिडून तो जवळ येतो, फोटो मिळतो. विणीच्या दिवसांत असं रोज झालं तर तो अंडी सोडून भांडतच बसेल. या प्रकाराला अभयारण्यात स्पष्ट बंदी हवी, ती मराठीत लिहिलेल्या फलकावर हवी, आणि ती मोडणाऱ्याला दंड व्हायला हवा. मी तो कुठे पाहिला हे मी इथे लिहीत नाही. सायकलवाल्यांनीही लिहू नये. आपापल्या राइडचा नकाशा टाकताना तो टप्पा लपवावा.

या पत्राचा गाभा मात्र वेगात आहे. आटगावच्या नाक्यावरून आत वळणाऱ्या रस्त्याला ताशी 30 किलोमीटरची मर्यादा घाला. बोर्ड लावून भागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे वळणांच्या आधी खडबडीत पट्टे करा, दुचाकी-सायकलला कडेने जाता येईल असे. आणि शनिवार-रविवारी सकाळी सहा ते दहा या वेळेत बाहेरून येणाऱ्या खासगी गाड्या नाक्यावरच थांबवा. गावकऱ्यांच्या गाड्या, एसटी, शाळेची गाडी, अ‍ॅम्ब्युलन्स, महापालिकेच्या आणि वनखात्याच्या गाड्या यांना अर्थातच मोकळी वाट. दहानंतर ज्यांना तलाव बघायला यायचंय त्यांनी सावकाश यावं. चार तास तरी या रस्त्यावर पक्षी आणि माणसं यांचेच आवाज असतील. हे करायला निविदा लागत नाही. एक सूचना, एक दांडी आणि गावातली दोन माणसं पगारावर, एवढं पुरतं. रस्ता कुणाच्या ताब्यात, जंगल कुणाचं आणि जलवाहिनी कुणाची, या तीन प्रश्नांच्या मध्ये तो विषय अडकू नये, एवढीच भीती आहे. म्हणून पत्र तिघांना आहे.

गावकऱ्यांना हे पटेल का, हा प्रश्न माझ्याही मनात होता. मी जिथे चहाला थांबते तिथे आणि पाड्यांवर विचारत राहिले. एका म्हाताऱ्या आजींनी, त्या मे महिन्यात पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, मला जे सांगितलं ते जसंच्या तसं देते. "तुमी सायकलवालं थांबता बाय. गाडीवाल्याला बिरेक मारायचा कटाळा येतो. लई पुढं गेला की मंग त्याला करवंद आठावतं." हे अर्थशास्त्र खरं आहे. सायकलवर माणूस थांबतो, त्याला भूक लागते, तहान लागते, तो भाकरी खातो, पंक्चर झालं तर दोन तास गावात काढतो. गाडी घेऊन येणारा मुंबईतूनच बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणतो आणि रिकाम्या बाटल्या तेवढ्या इथे सोडून जातो.

पण गावाबद्दल बोलायचं तर आधी पाण्याबद्दल बोलायला हवं. शहापूर तालुक्यात तानसा, मोडक सागर आणि भातसा. मुंबई पिते त्यातलं बहुतेक पाणी या तालुक्याच्या अंगावरून जातं. आणि याच तालुक्यात दर उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. टँकर आला की हंडे घेऊन बाया धावतात, विहिरीत पाणी ओततात, मग ते खालून उपसतात. मी ते पाहिलंय, आणि माझ्या बॅगेत मुंबईहून भरून आणलेली बाटली होती. याच पाण्याच्या वाटेवरून हौसेने सायकल चालवायला आम्ही येतो. त्यामुळे आयुक्तसाहेब, तानसाच्या पर्यटनावर काही खर्च करायचं आपल्या मनात असेल तर तो पैसा आधी आटगाव ते तलाव या पट्ट्यातल्या पाड्यांच्या नळपाणी योजनेला द्या. आमच्या ट्रॅकच्या आधी त्यांचा नळ. ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी कुटुंबांना त्यांच्याच जंगलातला रस्ता कसा असावा हे आम्ही मुंबईकर सांगणार असू, तर त्याआधी त्यांचं देणं चुकतं करणं भाग आहे. ग्रामसभेत हा विषय मांडूनच दांडी लावायची की नाही ते ठरावं. त्यांनी नको म्हटलं तर नको.

आता रेल्वेकडे येते. मुलुंड ते आटगाव साठ-पासष्ट किलोमीटर. सायकलने महामार्गावरून जायचं म्हणजे भिवंडीजवळचे ट्रक, उड्डाणपूल, खड्डे. बाई माणसाने पहाटे अंधारात एकटीने ते करू नये असं घरचे म्हणतात आणि मलाही ते पटतं. त्यामुळे उरतात दोन वाटा. एक तर सायकल गाडीच्या मागे बांधून आटगावपर्यंत गाडीने जायचं, म्हणजे तलावाकाठी आणखी एक गाडी. नाही तर लोकल. मालडब्यात त्या वेळी दूधवाले असतात, भाजीच्या पाट्या असतात, कधी कुणाच्या लग्नाची भांडी असतात. ते लोक सायकलला जागा करून देतात, हसून देतात. त्यांच्याबद्दल माझी एकही तक्रार नाही. पण सायकल चढवता येईल की नाही, तिकीट कोणतं काढायचं, हे प्रत्येक वेळी समोरच्या माणसाच्या मर्जीवर असतं. एका स्टेशनवर चालतं ते दुसऱ्यावर चालत नाही. सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या एका-दोन कसारा गाड्यांत आणि दुपारी परतीच्या एका-दोन गाड्यांत मालडब्यात चार-सहा सायकलींची जागा ठरवून द्या, तिकिटाचा दर लिहून लावा. नवीन डबा मागत नाही. आणि आटगावच्या पादचारी पुलाच्या जिन्याला कडेने एक अरुंद लोखंडी पट्टी बसवा, चाक त्यावरून ढकलत नेता येतं. सायकल खांद्यावर घेऊन जिना चढणं तरुण मुलांना जमतं, मला आणि माझ्या वयाच्या बायकांना नाही. एवढं झालं तर निम्म्या गाड्या मुंबईतून निघणारच नाहीत. तानसाची शांतता खरं तर कल्याणच्या पुढच्या फलाटांवर राखली जाऊ शकते.

स्वच्छतागृहाबद्दल लिहायला संकोच वाटत नाही, कारण ते न लिहिल्यामुळेच ते होत नाही. आटगाव स्टेशन सोडलं की तलावापर्यंत बाईला जायला जागा नाही. पुरुष जंगलात वळतात. आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही, आणि उन्हात सायकल चालवताना पाणी न पिणं किती वाईट ते डॉक्टरला विचारावं. नाक्यावर एक स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पंपाची सोय, गावातल्या महिला बचत गटाच्या ताब्यात. पैसे घ्या, पावती द्या, आम्ही आनंदाने देऊ. या अख्ख्या पत्रात विटा-सिमेंटचं काम मी एवढंच मागते आहे आणि तेही जंगलाबाहेर, महामार्गाच्या कडेला.

माझ्या सायकलवाल्या मित्रमैत्रिणींनाही दोन शब्द, कारण अधिकाऱ्यांकडे मागायचं आणि स्वतः हवं तसं वागायचं हे बरोबर नाही. दीडशे-दोनशे जणांच्या राइड तानसाला नेऊ नका. टी-शर्ट, बॅनर, स्पीकर, पुढे-मागे सपोर्टच्या गाड्या, एनर्जी जेलची पाकिटं झुडपात. हे चार-पाच वर्षांत फार वाढलंय. शर्यती करायच्या तर त्यासाठी इतर रस्ते आहेत. इथे पाच-सहा जणांनी यावं, एकामागे एक चालावं, हेडलॅम्प अंधारापुरता लावावा. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत महामार्गावर परतावं, कारण नंतरची वेळ बिबट्याची, भेकराची आणि रानडुकराची आहे. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नये. कोट्यवधी लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर पहारा असायलाच हवा, त्याबद्दल पहारेकऱ्याशी वाद घालणाऱ्यांची मला लाज वाटते. उतारावर गाव लागलं की ब्रेक दाबा. कोंबडी मेली तर पैसे द्या.

वनखात्याला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्याने मिळतात, लोक कान्हेरीच्या रस्त्यावर त्या चालवतात, मुलं पहिल्यांदा जंगलात सायकल चालवतात ती तिथेच. तुळशी तलाव त्याच उद्यानात, पण लोकांच्या पायांपासून दूर राखलेला आहे आणि तो तसाच राहावा. म्हणजे जंगल, पिण्याचं पाणी आणि सायकल हे तिन्ही एकत्र कसं सांभाळायचं याचा अनुभव आपल्याच राज्याच्या वनखात्याकडे आहे. फाटकावर गाडी थांबते, माणूस उतरतो, पुढे सायकल किंवा पाय. तानसाला हेच हवं. भाड्याच्या सायकली आटगावच्या नाक्यावर गावातल्या मुलांनी चालवल्या तर त्यांना रोजगार होईल, आणि ज्यांना लोकलमध्ये सायकल चढवणं शक्य नाही त्यांची सोय होईल. सुरुवातीला वीस सायकली पुरे. त्या दुरुस्त करायला शिकलेला एक मुलगा गावात असला की आमचीही पंक्चर तोच काढेल.

पावसाळ्यात धबधब्यांवर जिल्हा प्रशासन दरवर्षी मनाईचे आदेश काढतं, पोलीस उभे राहतात, कारण त्या आधी माणसं बुडालेली असतात. तानसाच्या रस्त्यावर तशी वेळ यायची वाट कुणी बघू नये. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, तो याच तालुक्यातून जातो. म्हणजे शहापूर आता ठाण्यालाच नाही, नाशिकला आणि त्याच्याही पलीकडच्या गाड्यांना जवळ आलंय. आज रविवारी सकाळी मोजता येतील इतक्याच गाड्या आत वळतात, तोवरच नियम घालणं सोपं आहे. गर्दी झाल्यावर नियम घातला की ज्यांचं दुकान उभं राहिलंय ते रस्त्यावर उतरतात, आणि त्यांचंही चुकत नाही.

या हिवाळ्यापासून निदान तीन महिने, फक्त रविवारी, सकाळी सहा ते दहा हा प्रयोग करून बघा. ग्रामसभेचा होकार असेल तर. नाक्यावर दांडीजवळ उभं राहायला, येणाऱ्या गाडीवाल्यांना समजावून सांगायला, कुठल्या गाड्या आल्या याची नोंद ठेवायला आमच्या ग्रुपमधले लोक पाळीपाळीने यायला तयार आहेत. मी स्वतः येईन. त्यासाठी मानधन नको, फक्त तुमच्या सहीचं एक पत्र लागेल, कारण नुसत्या सायकलवाल्या बाईचं ऐकून कुणी गाडी थांबवत नाही. ते पत्र ज्या कार्यालयातून मिळेल तिथे येऊन घ्यायची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
मुलुंडची एक शिक्षिका आणि सायकलस्वार